उपजत डोकं की कॉलेजचं? तीनदा जळलेल्या मोटरीवरनं सांगतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. कागलजवळच्या गावातला १९ वर्षांचा पोरगा, सातवीपासनं मामाच्या रिवाइंडिंगच्या (जळालेल्या मोटरीत नवीन तार गुंडाळायच्या, म्हणजे मोटर भरायच्या) दुकानात बसतोय, विहिरीवरच्या मोटरी स्वतः भरतोय, गावात सगळे म्हणतात ह्याला देवाची देणगी आहे. आता इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दोन विषय राहिलेत, आणि विचारतोय की ज्या सरांना साधी मोटर उघडता येत नाही त्यांच्याकडनं मी काय शिकायचं, उपजत बुद्धी असली तर शिक्षणाची गरज काय, कॉलेज सोडून दुकान टाकू का. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीय की एका शेतकऱ्याची पाच एचपीची मोटर तीनदा भरून दिली, तीनदा जळाली, ती सोडली तर माझं एकपण काम परत आलेलं नाही.

मी त्या शेवटच्या ओळीवरच अडकलो. त्याच्याकडं येतोच, आधी मी कोण ते सांगतो म्हणजे ह्याला बोलायचा अधिकार काय असं वाटायला नको. आयटीआय मोल्डर (ओतकामाचे साचे करणारा), मग नोकरी करत करत डिप्लोमा, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, ३० वर्षं, त्यातली शेवटची १२ क्वालिटीला. म्हणजे दोन्हीकडचा आहे मी, हातात फावडं पण धरलंय आणि रिपोर्टवर सह्या पण केल्यात. दोन्हीकडच्यांनी मला थोडं थोडं परकंच धरलं, तो विषय वेगळा.

आमच्याकडं एक मोल्डर होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. शिक्षण चौथी. सही करायचे ती पण चित्र काढल्यासारखी. ग्रीन सँड मोल्डिंग म्हणजे वाळूत बेंटोनाइट नावाची चिकट माती, कोळशाची पूड आणि पाणी मिसळून साचा करायचा, त्यात पाणी साधारण ३ ते ४ टक्के लागतं, जास्त झालं तर लोखंड ओतल्यावर वाफ होऊन कास्टिंगला (ओतलेल्या नगाला) भोकं पडतात, कमी झालं तर साच्याची कड ढासळती आणि वाळू लोखंडात जाती. लॅबमध्ये हे मोजायला मशीन असतंय. तात्या मूठभर वाळू घ्यायचे, एकदा आवळायचे, मूठ उघडायचे, बोटांचे ठसे बघायचे आणि तो गोळा मधनं मोडायचे. मोडलेली कड कशी आहे, तळहाताला किती चिकटली, बस्स. दहा सेकंद.

एका मे महिन्यातली गोष्ट. लॅबचा रिपोर्ट पाणी ३.४, सगळं ओके, आणि तात्या म्हणतायत वाळू मेलेली आहे, मी बॉक्स मारणार (साचा करणार) नाही. आमचा नवीन इंजिनियर, चांगला पोरगा होता, रिपोर्ट हातात घेऊन भांडतोय. मी मधे पडलो आणि सॅम्पल कुठनं घेतलं विचारलं. मिक्सरमधनं. तात्या वाळू कुठली धरत होते, बॉक्सपाशी आलेली. कालची वाळू नीट गार न होताच परत फिरत होती, हात लावला की चटका, मिक्सरपासनं मोल्डिंगपर्यंत येईस्तोवर त्यातलं पाणी उडून जात होतं. लॅब खोटं बोलत नव्हती, लॅब दुसऱ्या ठिकाणची गोष्ट सांगत होती. हे असलं काही तुझ्यासारख्याला ऐकायला लई भारी वाटतंय मला माहीत आहे, चौथी पास जिंकला आणि बीई हरला. बहुतेक लोक गोष्ट इथंच थांबवतात. मी पुढची सांगतो.

काही वर्षांनी आम्ही एसजी आयर्न चालू केलं. साध्या ग्रे आयर्नमध्ये ग्रॅफाइट पापुद्र्यासारखं असतं म्हणून ते ठिसूळ, एसजीत मॅग्नेशियम टाकून ते ग्रॅफाइट गोल मण्यांसारखं करतात, मग तेच बिडाचं लोखंड वाकतं, ओढ सोसतं. पण मॅग्नेशियम लोखंडात राहायला तयार नसतंय, लॅडलमध्ये (वितळलेलं लोखंड न्यायच्या भांड्यात) टाकल्यापासनं ते उडायला लागतं, साधारण दहा-बारा मिनिटांच्या आत ओतून मोकळं व्हायचं, नाहीतर ग्रॅफाइटचा गोलपणा जातो. त्या दिवशी क्रेन अडकली. पाच-सहा बॉक्स राहिले होते. तात्यांनी लॅडलमध्ये बघितलं, रंग बघितला, झळ बघितली, म्हणाले धातू जिवंत आहे, ओता. आणि ग्रे आयर्नच्या हिशोबानं ते शंभर टक्के बरोबर होते, धातू गरमच होता, साच्यात छान पळाला, कास्टिंग बाहेर आल्या त्या आरशासारख्या. गिऱ्हाइकाकडं मायक्रोस्कोपखाली गेल्यावर कळलं. ४० नग परत आले, आणि कुठले शेवटच्या लॅडलचे हे वेगळं काढता येईना म्हणून सोबतचा चांगला माल पण परत आला.

आता ह्यात माझी लाज सांगतो. दहा-बारा मिनिटांचा नियम मला माहीत होता. डिप्लोमाच्या वहीत माझ्या अक्षरात लिहिलेला होता, त्यावर प्रश्न आलेला आणि मी पूर्ण मार्क घेतलेले. आणि मी तिथंच उभा होतो, लॅडलपासनं चार हातांवर. बोललो नाही. कारण समोर तात्या होते, आणि तात्या वाळूच्या बाबतीत कधी चुकले नव्हते तर लोखंडाच्या बाबतीत कशाला चुकतील, असं काहीतरी डोक्यात. म्हणजे तात्यांकडं ज्ञान नव्हतं, माझ्याकडं होतं पण ते वहीत होतं, हातात नव्हतं. दोघं मिळून बुडवलं.

ह्यावरनं मला जे कळलं ते असं, की उपजत बुद्धी ज्याला आपण म्हणतो ती तिथं वाघ असती जिथं वस्तू स्वतः बोलती. वाळू बोलती, चिकटती, ढासळती, चूक केली की संध्याकाळपर्यंत तोंडावर मारती. २० वर्षं असा मार खाल्ला की तळहातात मशीन तयार होतं. पण मॅग्नेशियम दिसत नाही. उडताना त्याचा रंग नाही, लोखंडात राहिलं किती ते डोळ्याला सांगत नाही, आणि चूक कळती तीन आठवड्यांनी, दुसऱ्याच्या लॅबमध्ये. जिथं उत्तर इतक्या उशिरा आणि इतक्या लांबनं येतं तिथं एक माणूस एका जन्मात चुका करून शिकू शकत नाही, तिथं दुसऱ्यांनी आधी केलेल्या चुका आयत्या घ्याव्या लागतात, आणि त्या आयत्या मिळायची जागा म्हणजे पुस्तक, कोर्स, कॉलेज, काय म्हणायचं ते म्हण.

आणि "उपजत" ह्या शब्दाबद्दल पण माझं थोडं वाकडं आहे. उपजत काहीच नसतंय असं मी म्हणणार नाही, २० अप्रेंटिस एकाच दिवशी घेतले तर एक-दोघं असतातच जे ड्रॉइंग बघून डोक्यात तो पार्ट फिरवतात आणि बाकीच्यांना तेच करायला सहा महिने लागतात, हे मी दरवर्षी बघितलंय, नाकारून चालत नाही. पण तात्यांना कुणी "देवाची देणगी" म्हणालं की ते वैतागायचे. म्हणायचे देवानं कुठं दिली, आमच्या उस्तादानं पाठीत घातली. तुझंच घे. सातवीपासनं मामाच्या दुकानात, म्हणजे सात वर्षं झाली. रोज तीन तास धरले तरी हिशोब करून बघ तुझ्या डिप्लोमाच्या सगळ्या प्रॅक्टिकलपेक्षा किती पट होतंय ते. तू स्वयंभू नाहीस भावा, तुझी शाळा मामाच्या दुकानात भरत होती, फक्त हजेरीपट नव्हता.

कोल्हापुरात तर हे सांगायला बाहेरचं उदाहरण लागतच नाही. बाबूराव पेंटर. १८९० चा जन्म, कुठल्या आर्ट कॉलेजात गेले नाहीत, फिल्म कशी करतात हे शिकवणारी शाळा तेव्हा देशात नव्हती, आणि ह्या माणसानं कोल्हापुरात बसून सिनेमाचा कॅमेरा घरी तयार केला. नात्यातले भाऊ आनंदराव आणि ते मिळून मागं लागले होते, आनंदराव १९१६ ला गेले, बाबूरावांनी ते काम पुरं केलं आणि १९२० ला 'सैरंध्री' आला. आता हे स्वयंशिक्षित म्हणून आपण अभिमानानं सांगतो आणि सांगावंच. पण वडील कोण, तर मेस्त्री, घरात सुतारकाम, लोखंडकाम, मूर्ती, चित्रं सगळं चालायचं. असल्या घरात जन्मणं म्हणजे टेक्निकल स्कूलमध्येच जन्मणं. आणि पुढं बघ काय झालं, त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी हीच शाळा झाली, शांताराम, दामले, फत्तेलाल हे सगळे तिथं शिकून बाहेर पडले आणि १९२९ ला ह्याच गावात प्रभात फिल्म कंपनी काढली. स्वतः शिकलेला माणूस मोठा झाला की पहिलं काम काय करतो तर दुसऱ्याला शिकवायला लागतो, कारण प्रत्येकानं कॅमेरा पहिल्यापासनं शोधत बसलं तर सिनेमा कधी काढणार.

दुसरं नाव सगळे काढतात ते रामानुजन. कॉलेजात नापास, गणितात मात्र असं की १९१३ ला इंग्लंडातल्या हार्डी ह्या गणितज्ञाला पत्र लिहिलं आणि केंब्रिज हाललं. खरं आहे. पण त्याच पत्रव्यवहारात मूळ संख्यांबद्दल त्यांनी जे दावे केले होते त्यातले काही चुकीचे निघाले, आणि का चुकले तर युरोपात त्या विषयात अर्धं शतक जे काम झालं होतं ते त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नव्हतं. डोकं कमी पडलं नाही, पुस्तक पोचलं नाही. आणि जे पोचलं होतं ते कार नावाच्या माणसाचं हजारो सूत्रांचं जुनं पुस्तक, त्यात सिद्धता जवळपास नाहीतच, मग त्यांची स्वतःची सवय पण तशीच पडली, उत्तर लिहायचं आणि पुढं जायचं. रामानुजनला जर पुस्तक लागत होतं तर तुला-मला का लागू नये.

आता कॉलेजवाल्यांच्या बाजूनं लई बोललो, जरा उलटं पण ऐक. ब्राझीलमध्ये रेसिफे नावाच्या शहरात रस्त्यावर नारळ-बिरळ विकणाऱ्या पाच पोरांवर एक अभ्यास झाला होता, १९८५ ला छापून आला. गिऱ्हाईक बनून हिशोब विचारले तर पोरांची ९८ टक्के उत्तरं बरोबर, आणि तसलीच गणितं कागदावर आकडेमोड म्हणून दिली तर ३७ टक्के. पोरं फक्त पाच होती त्यामुळं लई ताणू नये, पण अलीकडं कोलकाता-दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या पुष्कळ मोठ्या संख्येच्या पोरांवर तसंच केलं आणि तेच दिसलं, शिवाय उलटं पण दिसलं, शाळेतल्या पोरांना वहीतलं जमतं आणि बाजारातला हिशोब जमत नाही. मला ह्यात नवल वाटलं नाही. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मार्केटला भाजीच्या पेंढ्या विकणारी मावशी बघ, दोन पेंढ्या, पावशेर मिरची, शंभरची नोट, मावशीचं उरलेले पैसे द्यायचं होऊन जातं आणि आपण मोबाइल काढतोय. तिला कागदावर टक्केवारी काढ म्हण, हसंल. म्हणजे एका जागचं डोकं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही, दोन्हीकडनं जात नाही. त्यात पूल बांधायला लागतो आणि पूल बांधणारे मास्तर कमी, हीच आपल्या शिक्षणाची खरी बोंब आहे. तुझ्या सरांना मोटर उघडता येत नाही हे वाईटच आहे, त्यांची बाजू मी घेत नाही. पण सरांना मोटर उघडता येत नाही म्हणून सरांचा फॉर्म्युला खोटा ठरत नाही.

आता तुझी तीनदा जळलेली मोटर.

मी इलेक्ट्रिकलवाला नव्हे, पण प्लांटला मोटरी जळताना आयुष्यभर बघितल्यात. तू मोटर कशी भरतोस, तर जुनी कॉइल काढताना टर्न (वेढे) मोजतोस, तारेचा गेज (जाडी) बघतोस, कुठल्या स्लॉटमधनं (खाचेतनं) कुठं गेली ते बघतोस आणि तसंच्या तसं भरतोस. हे काम साधं नाही, हात लागतो, मला जमणार नाही. पण ही नक्कल आहे, आणि नक्कल चालती कधी तर मूळ बरोबर असलं तर. ही मोटर तुझ्याकडं यायच्या आधी कुणीतरी एकदा भरलेली असणार. त्यानं तार बारीक घातली असली किंवा टर्न कमी मारले असले तर तू ती चूक तीनदा प्रामाणिकपणे उतरवून काढलीस. मूळ काय होतं हे आता मोटरमध्ये कुठंच लिहिलेलं नाही. ते फक्त हिशोबानं काढता येतं, कोअरची (तार ज्यात बसती त्या लोखंडी गाभ्याची) लांबी, आतला व्यास, स्लॉट किती, पोल (चुंबकाचे ध्रुव) किती, व्होल्टेज किती, ह्याच्यावरनं टर्न आणि तार. तो हिशोब तुझ्या राहिलेल्या दोन विषयांपैकी एकात असणार, पैज लावतो.

किंवा वाइंडिंग बरोबरच असंल आणि दोष लाइनीत असंल. शेतीची लाइट रात्रीची, ट्रान्सफॉर्मरवर सगळ्या मोटरी एकदम चालू, व्होल्टेज पडतं. व्होल्टेज १० टक्के पडलं तर मोटरची ताकद १० टक्के नाही कमी होत, १९ टक्के होती, कारण ती व्होल्टेजच्या वर्गावर चालती. पाणी तर तेवढंच उचलायचंय, मग मोटर करंट जास्त ओढती, आणि उष्णता परत करंटच्या वर्गानं वाढती. किंवा एखादी फेज (लाइनीच्या तीन तारांपैकी एक) जाती आणि मोटर दोनवर घुमत बसती. हे सगळं तुझ्या दुकानात दिसणार नाही, दुकानात व्होल्टेज चांगलं आहे, मोटर टेबलवर गोडीत फिरती, म्हणून तू पास करतोस. तात्यांचा मॅग्नेशियम आणि तुझी रात्रीची लाइन, एकच गोष्ट आहे. हाताला दिसत नाही.

म्हणून कॉलेज सोडू नको. सरांसाठी नाही, त्या डिप्लोमाच्या कागदासाठी पण आणि त्या दोन विषयांसाठी पण. कागदाचं पण सांगतो, कारण त्याला नावं ठेवायची फॅशन आहे. तात्या रिटायर झाले तेव्हा कंपनीच्या कागदावर त्यांची पोस्ट हेल्परची होती. सगळी फौंड्री त्यांच्या मुठीवर चालायची, भाषणात त्यांना "आमचं विद्यापीठ" म्हणाले, शाल दिली, नारळ दिला, आणि पगार त्या नवीन इंजिनियरच्या निम्मा पण नव्हता. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांची स्वतःची पोरं इंजिनियरिंगला होती. "तुझ्याकडं उपजत आहे, तुला शिक्षणाची काय गरज" हे वाक्य कुणी कुणाला म्हणतंय ते नेहमी बघत जा. ह्याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं, पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड लावला, आणि त्या काळचा रुपया म्हणजे थोडाथोडका नाही. त्या आधी बोर्डिंगं काढली होतीच. त्यांना काय बहुजनांच्या पोरांकडं उपजत डोकं नाही असं वाटत होतं? असतंय हे माहीत होतं म्हणून तर.

दुकान पण सोडू नको. शनिवार-रविवार बस. फक्त एक वही कर, मी ती आमच्या अप्रेंटिसना करायला लावायचो. मोटर उघडायच्या आधी लिहायचं मला काय वाटतंय, का जळाली. उघडल्यावर लिहायचं काय निघालं. एखादी फेज गेलेली असली तर कॉइलींचे काही गट काळे आणि काही कोरे राहतात, ओव्हरलोडला सगळं सारखं काळं होतं, हे तुला दिसलंच असणार पण तू लिहून ठेवलं नसशील. वर्षभरानं ती वही घेऊन त्या मोटर न उघडता येणाऱ्या सरांकडं जा आणि विचार. मला वाटतं त्यांना पण बरं वाटंल, त्यांना कुणी असलं काही विचारत नसंल. नाही वाटलं तर सोडून दे.

आणि तात्यांचं शेवटचं राहिलंच. ४० नग परत आल्यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, मग एक दिवस लॅबमध्ये आले आणि म्हणाले दाखव काय दिसतंय. मायक्रोस्कोपला डोळा लावून लई वेळ उभे होते, चांगला नमुना, खराब नमुना, परत चांगला. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर त्यांनी खडूनं खूण केली, काटा तिथं गेला की लॅडल पलटी, कोण साहेब आला तरी. आणि त्याच्या पुढं जाऊन काय केलं, तर ओतल्यानंतर तोडलेले रनर (धातू साच्यात जायच्या वाटेत गोठलेले तुकडे) हातोडीनं वाजवून बघायला लागले. एसजी नीट झालं असलं तर घंटेसारखं वाजतं, बिघडलं असलं तर बद्द. सहा महिन्यांत त्यांचा कान असा बसला की मायक्रोस्कोपला न्यायच्या आधी ते संशयाचा नग बाजूला काढून ठेवायचे. मला नंतर कळलं की मोठ्या फौंड्र्यांत अल्ट्रासॉनिकनं कास्टिंगमधला आवाजाचा वेग मोजतात ते हेच तपासायला. त्यांना सांगितलं तर म्हणाले, मग मशीनला पण कान असतोय म्हण की.

तू आता असं कर. त्या शेतकऱ्याच्या विहिरीवर रात्री जा, दिवसा नको. मोटर चालू असताना तिन्ही फेजचं व्होल्टेज वेगवेगळं मोज, क्लॅम्प मीटर असंल तर तिन्हीचा करंट पण, नसंल तर कॉलेजच्या लॅबमधनं मागून घे. स्टार्टरचा ओव्हरलोड (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग) कितीवर सेट केलाय ते बघ, बऱ्याचदा कुणीतरी तो सारखा ट्रिप होतो म्हणून वर चढवून ठेवलेला असतो किंवा सरळ बायपास केलेला असतो. केबल विहिरीपर्यंत किती फूट आहे आणि किती जाडीची आहे ते लिही. आणि स्टेटरच्या (मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या) कोअरची लांबी, व्यास आणि स्लॉट मोजून ठेव. एवढे आकडे आण, मग चौथ्यांदा भरायची का नाही ते ठरवू.